घरच्या गप्पींचें कूळ कसें ओळखावें?

हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांतून कांचेची एखादी पेटी असते, आणि त्या पेटींत दुसरे कोणते मासे असोत वा नसोत, गप्पी बहुधा असतातच. स्वस्त, काटक, चपळ आणि रंगांनीं नटलेला असा हा इंचभर लांबीचा जीव मुलांस फार आवडतो. त्याची वीणहि अशी कीं, एक जोडी आणली तर वर्षाच्या आंत तिची संतति शेंकड्यांनीं मोजावी लागते. मग घरांत एक प्रश्न उत्पन्न होतो. पेटीपुढें उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, 'हा कोणत्या वाणाचा?' आणि घरांतील मुलें कांहीं तरी भारदस्त इंग्रजी नांव सांगून मोकळीं होतात. प्रश्न वरकरणीं पोरकट वाटतो. परंतु त्याचें उत्तर देतांना आमच्याच घरीं एकदां जी फजिती झाली, तिच्यामुळें आम्हांस त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें लागलें. ती हकीकत प्रथम सांगतों.

आमच्या धाकट्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एका दुकानांतून गप्पींची एक जोडी आणली. नराचा कमरेपासून मागचा भाग काळाभोर होता व शेंपटी पंख्यासारखी पसरलेली आणि तांबडी होती. दुकानदारानें त्याचें नांव 'रेड टक्सिडो' असें सांगितलें होतें. मादी निराळ्या पेटींतून काढून दिलेली, करड्या रंगाची व पोट भरलेली होती. महिन्याभरांत तिला वीस-पंचवीस पिलें झालीं. तीं दीड महिन्याचीं होतात न होतात तोंच पुतण्यानें उत्साहाच्या भरांत त्यांतील एक जोडी शेजारच्या वृद्ध गृहस्थांस, त्यांच्या नातीसाठीं, 'अस्सल रेड टक्सिडो' म्हणून दिली आणि दोनशें रुपये घेतले. घरांतील वडील माणसांस याची वार्ताहि नव्हती.

तीन महिन्यांनीं ते गृहस्थ एका बरणींत तो नर घेऊन आमच्या घरीं आले. मासा वयांत आला होता. पण त्याच्या अंगावर काळ्या रंगाचा मागमूसहि नव्हता. सर्पाच्या कातेसारखी नागमोडी नक्षी, आणि शेंपटीच्या खालच्या कडेला तरवारीच्या पात्यासारखें एक टोंक! पुतण्या गोंधळून गेला. गृहस्थ रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "बाळ, नांव तूं बापाचें सांगितलेंस. आई कोणाकडची, तें विचारलें होतेंस काय?"

या एका वाक्यांत गप्पीच्या सर्व शास्त्राचें बीज आहे, हें आम्हांस पुढें कळून आलें. घरीं निपजलेला गप्पी ओळखावयाचा तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्याचें रूप डोळ्यांनीं वाचतां येतें. त्याचें कूळ मात्र त्याच्या संततीवरूनच ठरतें. रूपाचें वर्णन कोणीहि करावें. नांव मात्र कूळ पटल्यावांचून देऊं नये.

गप्पी हा मूळचा आपल्याकडचा मासा नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील व्हेनेझुएला, गयाना इत्यादि प्रदेश व त्यांच्यालगतचें त्रिनिदाद बेट हें त्याचें माहेर. बर्लिन येथील प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनीं १८५९ सालीं व्हेनेझुएलांतून आलेल्या माशांवरून त्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्यास 'पीसिलिया रेटिक्युलाटा' हें नांव दिलें. 'रेटिक्युलाटा' म्हणजे जाळीदार. खवल्यांच्या कडा काळसर असल्यामुळें या माशाच्या अंगावर बारीक जाळें पसरल्यासारखें दिसतें. पुढें त्रिनिदाद येथें राहणारे निसर्गाभ्यासक रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनीं कांहीं मासे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले, आणि १८६६ सालीं तेथील आल्बर्ट गुंथर यांनीं, हा मासा नवाच आहे अशा समजुतीनें, त्यास गप्पी यांचें नांव दिलें. शास्त्राच्या नियमाप्रमाणें पहिलें नांव श्रेष्ठ ठरलें. लोकांच्या तोंडीं मात्र दुसरेंच बसलें. मध्यंतरीं बरींच वर्षें पुस्तकांतून 'लेबिस्टिस' असेंहि नांव चालत होतें. तात्पर्य, या माशाच्या नांवाचा घोटाळा त्याच्या बारशापासूनचा आहे.

आपल्या देशांत गप्पी आला तो शोभेसाठीं नव्हे. १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतु पाहिला. आणि त्यानंतर, डांसांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून, विसाव्या शतकाच्या आरंभीं गप्पीस येथें आणण्यांत आलें. मुंबईसारख्या शहरांत विहिरींतून व टांक्यांतून तो याच कामासाठीं सोडतात. रंगीत गप्पीची वाट निराळी. १९०८ च्या सुमारास जिवंत गप्पी जर्मनींत पोंचले, आणि तेथील व पुढें अमेरिका, जपान, सिंगापूर इकडील हौशी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मोठ्या शेंपटीचे व एकरंगी वाण सिद्ध केले. आतां चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या भागांत शोभिवंत माशांची पैदास हा मोठा धंदा होऊन बसला आहे. परंतु गटारांतला करडा गप्पी आणि पेटींतला तांबडाभडक गप्पी हे दोन्ही एकाच जातीचे होत. त्यांचा संकर विनासायास होतो, आणि सगळा घोंटाळा तेथूनच सुरू होतो.

आतां रूप कसें वाचावें तें पाहूं. प्रथम नर व मादी ओळखावी. नर सडपातळ, सव्वा इंचाच्या आसपास आणि रंगीत. मादी त्याच्या दीडपट-दुप्पट मोठी, पोटाळ आणि बहुधा फिकी. याहून खात्रीची खूण पोटाखालच्या पराची. मादीचा हा पर पंख्यासारखा त्रिकोणी असतो. नराचा वयांत येतांच काडीसारखा निमुळता होतो. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूस एक काळसर डागहि दिसतो. गप्पी अंडीं घालीत नाहीं. तो जिवंत पिलांस जन्म देतो, आणि पिलांचे दिवस भरत आले म्हणजे हा डाग गडद होत जातो.

वाण ओळखण्यासाठीं पाहावयाचा नर चार ते सहा महिन्यांचा असावा. त्यापूर्वीं शेंपटी वाढत असते, व फार म्हाताऱ्या नराची ती फाटकी होते. नुकत्याच बदललेल्या पाण्यांत, किंवा बरणींतून आणल्याबरोबर पाहूं नये. भ्यालेल्या माशाचा रंग उडतो. पेटीच्या मागें काळा कागद लावावा आणि उजेड पुढून येऊं द्यावा. निळा व रुपेरी हे रंग खवल्यांवरून उजेड उलटल्यानें दिसतात. म्हणून तेच अंग एका बाजूनें निळें तर दुसऱ्या बाजूनें करडें भासतें. पुतण्यानें भ्रमणध्वनीवर काढलेल्या छायाचित्रांत आमचा एकच मासा तीन रंगांचा आला होता. छायाचित्र पाठवून 'हा कोणता?' असें विचारणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

यानंतर पांच गोष्टी क्रमानें पाहाव्या, आणि त्या वहींत याच क्रमानें लिहाव्या.

पहिली गोष्ट अंगाचा मूळ रंग. चित्रापूर्वीं कागद पाहावा, त्याप्रमाणें नरावरील नक्षीपूर्वीं त्याखालची भूमि पाहावी. रानटी रंग करडा. त्याखेरीज 'गोल्ड', 'ब्लॉंड' व 'अल्बिनो' हे तीन मुख्य. अल्बिनोचे डोळे तांबडे असतात, म्हणून तो चटकन् ओळखूं येतो. गोल्ड व ब्लॉंड यांत मात्र जाणतेहि चुकतात. १९४४ सालीं गुडरिच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं यांचा भेद दाखविला: गोल्डमध्यें काळ्या रंगाच्या पेशी संख्येनेंच कमी असतात, तर ब्लॉंडमध्यें त्या संख्येनें पुष्कळ पण आकारानें अगदीं बारीक असतात. म्हणून नुसत्या डोळ्यांस गोल्डच्या अंगावर खवल्यांचें जाळें थोडें तरी दिसतें. ब्लॉंड मात्र साईसारखा सरसकट फिका दिसतो. त्यांत भर अशी कीं, अमेरिकेंतील प्रदर्शनांत ब्लॉंडलाच 'गोल्ड' म्हणतात आणि खऱ्या गोल्डला 'ब्राँझ'! मूळ रंग पाहण्याची सोपी युक्ति म्हणजे त्याच कुळांतील मादी पाहणें. तिच्यावर नक्षी थोडी असल्यामुळें खालची भूमि उघडी राहते.

दुसरी गोष्ट अंगावरील नक्षी. कमरेपासून मागचा भाग काळा असेल तर 'हाफ ब्लॅक' अथवा 'टक्सिडो'. अंगभर वेटोळ्यांची वा उभ्या पट्ट्यांची नक्षी असेल तर 'कोब्रा' किंवा 'स्नेकस्किन'. डोक्यापासून शेंपटीपर्यंत एकच गडद रंग असेल तर 'मॉस्को'. याचा उगम रशियांतील हौशी लोकांकडे असल्यामुळें हें नांव पडलें. मागच्या निम्म्या अंगावर आकाशी झळाळी असेल तर 'जपान ब्लू'. पुढच्या भागास चांदीचा वर्ख दिल्यासारखें दिसेल तर 'प्लॅटिनम'.

तिसरी गोष्ट शेंपटीचा आकार. युरोपांतील प्रदर्शनांच्या नियमांत याचे बारा प्रकार रूढ झाले, व ते चार गटांत चांगले ध्यानांत राहतात. लहान शेंपटीचे चार: गोल, टांचणीसारखी, भाल्यासारखी व कुदळीच्या पात्यासारखी. तरवारीचे तीन: वरच्या कडेस, खालच्या कडेस किंवा दोन्ही कडांस टोंक. वीणेसारखी वांकलेली ती एक. आणि मोठ्या शेंपटीचे चार: निशाणासारखी, ओढणीसारखी, पंख्यासारखी व त्रिकोणी. दुकानांत बहुधा शेवटचे दोनच दिसतात; घरच्या मिश्र संततींत मात्र गोल व एका तरवारीची शेंपटी वरचेवर डोकें वर काढते.

चौथी गोष्ट शेंपटीवरील रंग. एकरंगी, मोठ्या तुटक ठिपक्यांची 'लेपर्ड', एकमेकांत गुंतलेल्या डागांची 'मोझेइक' आणि खसखस शिंपडल्यासारखी बारीक ठिपक्यांची 'ग्रास', असे हे प्रकार. पांचवी गोष्ट इतर पर. पाठीवरचा पर शेंपटीशीं रंगानें जुळतो कीं नाहीं, हें पाहावें. चांगल्या वाणांत तो बहुधा जुळतो. कल्ल्यांमागचे दोन पर हत्तीच्या कानांसारखे मोठे असतील तर त्यास 'डंबो' म्हणतात.

या पांच गोष्टी लिहिल्या म्हणजे, उदाहरणार्थ, 'करडी भूमि, मागील अंग काळें, पंखा-शेंपटी, एकरंगी तांबडी, पाठीचा पर तांबडा' असें वर्णन तयार होतें. हें वर्णन कोणासहि खोटें म्हणतां येणार नाहीं. परंतु येथें थांबून 'हा रेड टक्सिडो' असें म्हणणें म्हणजे एखाद्याचा पोषाख पाहून त्याचें आडनांव सांगण्यासारखें आहे.

याचें कारण आतां पाहूं. या माशाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास प्रथम डेन्मार्कांत झाला. कोपनहेगन येथील योहानेस श्मिट यांनीं १९२० सालीं असें दाखविलें कीं, गप्पी नराच्या पाठीच्या परावरील एक काळा डाग बापाकडून प्रत्येक मुलाकडे जातो, मुलींत कधींच दिसत नाहीं व मुलींमार्फत पुढेंहि जात नाहीं. मनुष्याप्रमाणें या माशांतहि नराचीं गुणसूत्रें एक्स व वाय अशीं दोन प्रकारचीं असतात. वाय हें बापाकडून मुलासच मिळतें, आणि हा डाग त्या गुणसूत्राला बांधलेला आहे. जणूं बापाचें आडनांवच! श्मिट यांच्यामागून ओइविंड विंगे यांनीं हा अभ्यास पुढें नेला आणि १९२७ सालीं गप्पीच्या अठरा जनुकांचीं स्थानें नोंदलीं. त्यांपैकीं बरींच वायवर, तर कांहीं एक्सवर बसलेलीं निघालीं.

यांतील दुसरा भाग घरगुती हौशी माणसाच्या नजरेंतून सुटतो. मुलास एक्स मिळतें तें आईकडून. आई स्वतः फिकी असते. नक्षीचीं जनुकें तिच्याजवळ असूनहि बहुधा तिच्या अंगावर उमटत नाहींत, कारण तो रंग खुलावयास नराच्या शरीरांतील रस लागतो. परंतु तींच जनुकें मुलाकडे जातांच उघड होतात. शेंपटीचा आकार तर एका जनुकावर ठरत नाहीं. त्यांत दोन्ही घराण्यांचा वाटा असतो. म्हणजे मुलाच्या रूपाचा निम्मा खजिना आईच्या पदरीं बांधलेला असतो, आणि ती गांठ बाहेरून दिसत नाहीं. शिवाय गोल्ड, ब्लॉंड व अल्बिनो हे गुण आईबाप दोघांकडून मिळाल्यावांचून प्रकट होत नाहींत. म्हणून दोन करड्या माशांच्या पोटीं एकाएकीं पिवळें पिलूं निघतें, आणि आजोबांची ठेवण नातवांत उतरल्यासारखें होतें.

याहूनहि मोठी मेख एक आहे. गप्पी मादी एकदां नराशीं संगत झाल्यावर त्याचें बीज कित्येक महिने शरीरांत सांठवून ठेवते, व पुन्हां नराचें दर्शन न होतांहि सुमारें चार चार आठवड्यांच्या अंतरानें अनेक वेळां विते. दुकानांतल्या मोठ्या पेटींतील मादी कोणकोणत्या नरांचें बीज घेऊन आपल्या घरीं येते, हें कोणास ठाऊक? आमच्या पुतण्याच्या 'रेड टक्सिडो'चीं तीं पहिलीं पिलें त्या तांबड्या शेंपटीच्या नराचीं नव्हतींच! महिन्याभरांत मादी विली तेव्हांच आम्हीं ओळखावयास पाहिजे होतें कीं, ती गर्भार होऊनच आली होती.

हें कळल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, मग ह्या नराचें कूळ खरें आहे तरी कीं नाहीं, हें कसें समजावें?" त्याची रीत अशी. पिलें तीन आठवड्यांचीं झालीं कीं दररोज पाहावीं, आणि पोटाखालचा पर निमुळता होऊं लागलेलें प्रत्येक पिलूं ताबडतोब निराळें काढावें. चार आठवड्यांनंतर मुलें व मुली एका पेटींत राहूं देऊं नयेत. अशा रीतीनें वेगळ्या वाढलेल्या, नराचा स्पर्श न झालेल्या मादीशीं तीन महिन्यांनीं इष्ट नराची गांठ घालावी. मगच होणारीं पिलें त्याचीं, असें छातीठोकपणें म्हणतां येतें.

आम्हीं तसें केलें. मूळचा नर तोंवर हिंडता-फिरता होता. त्याला त्याच पहिल्या वेतांतील वेगळी वाढविलेली एक मादी दिली. पुढच्या वेतांत बावीस पिलें झालीं. त्यांपैकीं नऊ नर निघाले. नऊच्या नऊ मागील अंगाला काळे! तो काळा रंग बापाकडून मुलांस सरळ मिळत होता, याविषयीं आमची खात्री पटली. परंतु शेंपट्या तीन तऱ्हांच्या होत्या, आणि तांबडा रंग फक्त चौघांचा होता. म्हणजे काळें अंग बापाच्या घरचें. शेंपटीचें मात्र अर्धें देणें-घेणें आईच्या अज्ञात घराण्याशीं होतें. हा वाण पक्का करावयाचा तर पुढील प्रत्येक पिढींत इच्छित रूपाचेच नर, आणि त्यांच्याच वेगळ्या ठेवलेल्या बहिणी वा मुली निवडून, मुलगे बापासारखे निघतात कीं नाहीं हें मोजीत राहावें लागतें. लागोपाठ तीन पिढ्या बहुतेक सारे मुलगे सारखे निघाले, तर आम्ही त्यास वाण म्हणूं. तोंपर्यंत तो 'घरचा मिश्र गप्पी' होय, आणि असें म्हणण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, इतकी शुद्धता तरी कशाला? प्रश्न योग्य आहे. सख्ख्या भावंडांचाच संबंध पिढ्यान्‌पिढ्या चालूं ठेवला तर पिलें थोडीं, लहान व नाजूक होऊं लागतात. सगोत्र विवाहाचा निषेध ऐकत वाढलेल्या आमच्या आजींस ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाहीं! म्हणून जाणते लोक एकाच वाणाच्या दोन शाखा वेगळ्या वाढवितात, आणि कांहीं पिढ्यांनीं त्यांची सोयरीक करतात. निसर्गांत तर विविधता हेंच गप्पीचें वैभव. शास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनीं त्रिनिदादच्या ओढ्यांत पाहिलें कीं, जेथें मोठे हिंस्र मासे असतात तेथील नर फिके, व धबधब्याच्या वर, जेथें ते पोंचत नाहींत तेथील नर भडक रंगाचे असतात. १९७६ सालीं त्यांनीं धोक्याच्या पाण्यांतील गप्पी सुरक्षित ओढ्यांत नेऊन सोडले, तों दोनेक वर्षांत त्यांची संतति अधिक रंगीत झाली. शत्रूच्या नजरेपासून लपणें आणि मादीच्या नजरेंत भरणें, या दोहोंच्या ओढाताणींतून गप्पीचा रंग घडत असतो.

याच एंडलरांचें नांव घेऊन आतां बाजारांत 'एंडलर' गप्पी विकला जातो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. व्हेनेझुएलांतील एका सरोवरांत १९३७ सालीं प्रथम मिळालेला व १९७५ सालीं एंडलरांस पुन्हां आढळलेला हा चिमुकला मासा २००५ सालीं स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला, आणि विंगे यांच्या स्मरणार्थ त्यास 'पीसिलिया विंगेइ' असें नांव मिळालें. गप्पीशीं त्याचा संकर होतो व संकराची प्रजाहि वांझ नसते. त्यामुळें दुकानांतील कित्येक 'एंडलर' मिश्र रक्ताचे असतात. घरीं दोन्ही मासे असतील तर त्यांच्या पेट्या वेगळ्या ठेवाव्या. एकदां मिसळल्यावर रूपावरून निवाडा होत नाहीं. तसेंच, अल्पवयीन पिलें किंवा माद्या भडक रंगाच्या दिसल्या तर सावध राहावें. नराच्या शरीरांतील रस औषध म्हणून देऊन असा रंग आणतां येतो, पण तो रंग संततींत उतरत नाहीं.

आतां उरला तो या छंदांतील सर्वांत अवघड प्रश्न: नको असलेल्या पिलांचें काय करावें? मोठ्या प्रमाणावर पैदास करणारे पुष्कळ लोक तीं मोठ्या माशांपुढें टाकतात. आमच्या घरीं हा विषय निघाला तेव्हां आजी म्हणाल्या, "अरे, रंग आवडला नाहीं म्हणून लेंकरूं टाकायचें असेल, तर तुमचा हा खेळ आजच बंद करा." आम्हीं तो नियमच केला. एका वेळीं एकच जोडी विऊं द्यावी. बाकीचे नर एकीकडे व माद्या एकीकडे ठेवाव्या. आणि उरलेलीं पिलें खरें सांगून ओळखीच्यांस द्यावीं. निवड करावयाची ती जन्म देण्यापूर्वीं, हें शहाणपण आम्हांस आजींनीं शिकविलें.

पण दया म्हणून पिलें नदींत, ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नयेत. आपल्या ओढ्यांतून डोक्यावर पांढरा चकचकीत ठिपका असलेला एक लहान मासा राहतो. तोहि डांसांच्या अळ्या खातो, आणि तो येथला मूळचा रहिवासी आहे. घाण पाण्यांतहि तगणारा व भराभर वाढणारा गप्पी तेथें शिरला, तर अन्न व जागा यांसाठीं अशा माशांशीं त्याची स्पर्धा सुरू होते. अंगणांतील बंदिस्त टांकी किंवा कमळाचें कुंड यांत तो खुशाल ठेवावा. वाहत्या पाण्याशीं त्याचा संबंध येऊं देऊं नये.

असो. आमच्या पुतण्याची हकीकत अर्धी राहिली ती पुरी करतों. मूळ नराची परीक्षा झाल्यावर तो वही घेऊन शेजारच्या गृहस्थांकडे गेला आणि साठविलेल्या खाऊच्या पैशांतून दोनशें रुपये त्यांच्यापुढें ठेवून म्हणाला, "आजोबा, मी सांगितलेलें नांव चुकीचें होतें." त्यांनीं पैसे घेतले, आम्हांस वाटलें होतें कीं ते नाकारतील. परंतु त्यांनीं घेतले हेंच बरें झालें. मासा मात्र त्यांनीं परत केला नाहीं. सर्पनक्षीचा तो नर नातीला आवडला होता. तिच्या पेटीवर आतां पुतण्याच्या अक्षरांत एक चिठ्ठी लावलेली आहे: 'घरचा मिश्र गप्पी. भूमि करडी, अंगावर कोब्रा नक्षी, शेंपटीस खालच्या कडेला तरवार. बाप ठाऊक नाहीं. आई दुकानांतली.'

त्या चिठ्ठींत एकहि भारदस्त नांव नाहीं. पण तींत लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं मुलांकडून अशीच एक चिठ्ठी लिहवून घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे.